ऑनलाइन मागवलेल्या वस्तूशी कुणीतरी छेडछाड केलीय असं वाटतंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओळखीतल्या लोकांकडून मला तेच तेच प्रश्न येतात, फोटो पाठवतात, त्यात खोक्याचा एक कोपरा दाबलेला असतो आणि खाली लिहिलेलं असतं "हे नॉर्मल आहे का". दरवेळी नव्याने टाइप करायचा कंटाळा आला म्हणून सगळं एकदाच इथे लिहून टाकतोय. तुमचा प्रश्न ज्या वस्तूचा असेल तिथे थेट गेलात तरी चालेल, पण वस्तू अजून चालू केली नसेल तर पहिले तीन प्रश्न वाचूनच पुढे जा.

सील तुटलेलं आलंय. म्हणजे आत नक्की काहीतरी केलंय ना?

नक्की असं काही नाही. सील तुटायची बहुतेक कारणं एकदम कंटाळवाणी असतात. आधी कुणीतरी घेऊन परत केलेला माल पुन्हा नवीन म्हणून पाठवला, हे सगळ्यात जास्त वेळा निघतं. किंवा सेलरने मध्ये खोका उघडून प्लग बदलला, दुसऱ्या देशासाठीच्या फोनमध्ये वेगळी सिस्टिम टाकली, किंवा नुसतंच चालू करून बघितलं. काही कंपन्या तर बाहेरच्या खोक्याला सील लावतच नाहीत, त्यामुळे आधी त्याच मॉडेलचे एक-दोन अनबॉक्सिंग व्हिडिओ बघा आणि मुळात सील असतं तरी का ते तपासा.

मी स्वतः तीन शक्यता वेगवेगळ्या धरतो. एक, वस्तू खरी आहे पण वापरलेली आहे. दोन, वस्तूच नकली आहे किंवा आतला एखादा पार्ट बदललाय. तीन, कुणीतरी मुद्दाम तुमचा डेटा किंवा पैसे चोरायला त्यात काहीतरी घातलंय. लोकांच्या डोक्यात थेट तिसरी येते, निघते बहुतेक वेळा पहिली. पण तिघींची तपासणी वेगळी असते, एकीची तपासणी करून दुसरीबद्दल निश्चिंत होता येत नाही, आणि इथेच गडबड होते.

माझं सील तर एकदम व्यवस्थित आहे. मग काळजी नाही ना?

उलट इथेच लोक फसतात. प्लॅस्टिकचं श्रिंक रॅप कुणीही पुन्हा मारू शकतो, त्याचं मशीन काही दुर्मिळ नाही. बरेचसे स्टिकर हेअर ड्रायरच्या गरम हवेने किंवा सॉल्व्हंटने उचकटून परत जागेवर बसवता येतात, आणि होलोग्राम असेल तर होलोग्रामसुद्धा छापून मिळतो.

2023 मध्ये अँटीव्हायरस बनवणाऱ्या कॅस्परस्कीने एक केस मांडली होती. एकाने ट्रेझर कंपनीचं क्रिप्टो वॉलेट (क्रिप्टोच्या किल्ल्या जपून ठेवायचं छोटं उपकरण) घेतलं, खोका आणि होलोग्रामचे स्टिकर सगळं बघायला ओरिजिनल, आणि वॉलेट चालतही होतं. पैसे गेल्यावर ते उघडलं तर आतली चिप बदललेली. कंपनी त्याचे दोन भाग अल्ट्रासॉनिक पद्धतीने जोडते, इथे मात्र ते गोंद आणि दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने बसवले होते. म्हणजे बाहेरचं सील बघून त्या माणसाला काहीच कळलं नसतं. तुटलेलं सील हा विचारण्यासारखा प्रश्न आहे, पण शाबूत सील हे उत्तर नाही, एवढं धरून चाला.

पार्सल आलंय, अजून उघडलं नाही, पण संशय येतोय. आधी काय करू?

थांबलात ते उत्तम. आता फोनचा कॅमेरा लावा आणि एकच सलग व्हिडिओ काढा, मध्ये कट नको, कारण कट दिसला की सेलर म्हणणार मधल्या वेळात तुम्हीच बदललं. सुरुवात कुरिअरच्या लेबलपासून करा, पार्सलच्या सहाही बाजू दाखवा, टेप कुठे डबल मारलीय का ते जवळून दाखवा. वजनकाटा असेल तर न उघडता वजन करा. बऱ्याच लेबलांवर वजन छापलेलं असतं, आणि कंपनीच्या साइटवर वस्तूचं वजन असतंच, साबण किंवा दगड भरलेला खोका इथेच पकडला जातो. मग उघडा आणि खोक्यावरचा सीरियल नंबर, वस्तूवरचा नंबर आणि बिलावरचा नंबर एकाच व्हिडिओत येऊ द्या.

डिलिव्हरी करणारा अजून दारातच उभा असेल आणि खोका उघड उघड फाटलेला असेल तर घेऊच नका, किंवा घ्यायचाच झाला तर खराब अवस्थेत मिळाला अशी नोंद करून घ्या.

उघडून झालं, व्हिडिओ नाही काढला. आता काय, संपलं?

नाही हो. व्हिडिओ असला तर भांडण लवकर मिटतं इतकंच. आत्ता जे जसं आहे त्याचे फोटो काढा, खोका, थर्माकोल, पिशव्या, टॅग काहीही फेकू नका, आणि त्याच दिवशी सेलरला लेखी कळवा. व्हिडिओ नसला तर तक्रारीची तारीख कामाला येते.

फोन नवीन म्हणून आलाय, आधी कुणी वापरलाय का ते कसं कळेल?

आधी *#06# डायल करा. आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा वेगळा ओळख नंबर, दिसेल, 15 आकडे असतात, ड्युअल सिम असेल तर दोन नंबर. तो खोक्यावरच्या नंबराशी, बिलाशी आणि सिम ट्रेवर किंवा मागे छापला असेल तर तिथल्याशीही जुळला पाहिजे. जुळत नसेल तर पुढचं काही वाचायची गरज नाही, परत करा.

जुळला तर कंपनीच्या साइटवर सीरियल नंबर टाकून वॉरंटी बघा. बऱ्याच कंपन्यांची वॉरंटी पहिल्यांदा ॲक्टिव्हेट झाल्यापासून मोजली जाते, त्यामुळे तुम्ही काल घेतला आणि वॉरंटी चार महिन्यांपूर्वी सुरू झालेली दिसतेय तर तो फोन चार महिन्यांपूर्वी कुणाच्या तरी हातात होता. (एक-दोन दिवसांचा फरक सोडून द्या, किंवा बिलाची तारीख दाखवून कंपनीकडून दुरुस्त करून घ्या.)

आयफोनमध्ये आणखी दोन जागा बघायच्या. सेटिंग्जमध्ये अबाउटला मॉडेल नंबर असतो, त्याचं पहिलं अक्षर साधारणपणे एम असेल तर नवा विकलेला, एफ म्हणजे रिफर्बिश्ड (दुरुस्त करून पुन्हा विकलेला), एन म्हणजे सर्व्हिसमध्ये बदलून दिलेला, पी म्हणजे नाव कोरून घेतलेला. त्याच पानावर पार्ट्स अँड सर्व्हिस हिस्टरी अशी ओळ दिसली आणि तिथे स्क्रीन किंवा बॅटरीपुढे अननोन पार्ट लिहिलेलं असेल तर विषय संपला. आयफोन 15 पासून बॅटरीचे किती सायकल (पूर्ण चार्जचे फेरे) झाले आणि पहिला वापर कधी झाला हेही फोनच सांगतो.

अँड्रॉइडमध्ये मी सगळ्यात आधी फोन बंद करून चालू करतो आणि नुसता बघत बसतो. सुरू होताना बूटलोडर (फोनची सिस्टिम सुरू करणारा प्रोग्रॅम) अनलॉक आहे किंवा वेगळी सिस्टिम लोड होतेय अशी वॉर्निंग आली तर कुणीतरी आत हात घातलाय हे फोन स्वतः कबूल करतोय. सॅमसंगमध्ये नॉक्स या सुरक्षा व्यवस्थेचा एक फ्यूज असतो, अनधिकृत सिस्टिम टाकली की तो कायमचा उडतो आणि डाउनलोड मोडमध्ये तो आकडा शून्याचा एक झालेला दिसतो, नंतर कितीही रिसेट मारा, परत शून्य होत नाही. मग प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये अबाउटला जाऊन डिव्हाइस सर्टिफाइड आहे का बघा. बाहेरून आणलेल्या फोनमध्ये हे जरूर बघा, कारण मधले सेलर खोका फोडून आपल्या मनाने ग्लोबल सिस्टिम टाकतात आणि तिच्यासोबत जाहिरातींचा कचराही येतो, तो अनइन्स्टॉलच होत नाही कारण तो सिस्टिमचाच भाग करून टाकलेला असतो. 2025 मध्ये कॅस्परस्कीने स्वस्तात विकलेल्या नकली फोनमध्ये ट्रायडा नावाचा ट्रोजन (लपून काम करणारं मालवेअर) थेट फर्मवेअरमध्येच, म्हणजे फोनच्या मूळ सॉफ्टवेअरमध्येच, सापडल्याचं सांगितलं होतं. असा फोन साफ करत बसण्यात अर्थ नाही.

लॅपटॉपचं काय?

बॅटरीपासून सुरू करा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी कमांडला बॅटरीरिपोर्ट ऑप्शन दिला की एक फाइल तयार होते, त्यात डिझाइन कपॅसिटी, आत्ताची कपॅसिटी आणि बऱ्याच मशीनमध्ये सायकल काउंटसुद्धा असतो. मॅकमध्ये हे सिस्टिम रिपोर्टमध्ये पॉवरखाली मिळतं. नव्या लॅपटॉपवर दोन-चार सायकल असतात, ते टेस्टिंगचे, त्यावरून रात्रीची झोप घालवू नका. दीडशे असतील तर घालवा.

सेटअप करताना एखाद्या अनोळखी कंपनीचं किंवा शाळेचं नाव येऊन तिथला ईमेल मागायला लागला तर तिथेच थांबा. ते मशीन त्या संस्थेच्या ताब्यात नोंदवलेलं आहे, म्हणजे एक तर त्यांनी नोंद न काढता विकलंय किंवा चोरीचं आहे. ते बायपास करायच्या युक्त्या सांगणारे खूप भेटतील, करू नका, आज चालेल आणि पुढच्या रिसेटला परत तेच नाव समोर येईल. बायोसला (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जना) आधीच पासवर्ड असेल तरी हेच.

एवढं करून सगळं ठीक असलं तरी मी आलेलं विंडोज कधीच वापरत नाही. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून, दुसऱ्या भरवशाच्या मशीनवर, इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह बनवतो आणि डिस्कवरची सगळी पार्टिशन उडवून कोरं टाकतो. यात सेलरवर संशयच पाहिजे असं काही नाही, 2015 मध्ये लेनोव्होच्या कंपनीतून आलेल्या, सीलबंद, एकदम खऱ्या लॅपटॉपमध्ये सुपरफिश नावाचं जाहिरातींचं सॉफ्टवेअर निघालं होतं आणि ते स्वतःचं रूट सर्टिफिकेट (वेबसाइट खरी आहे हे कॉम्प्युटरला पटवणारा दाखला) घालून तुमच्या सुरक्षित वेबसाइटच्या मध्ये बसत होतं. तिथे कुणी खोका फोडलाच नव्हता.

हार्ड डिस्क नवीनच आहे कशावरून?

हा माझा दुखरा विषय आहे. मी एकदा बॅकअपसाठी नवीन म्हणून डिस्क घेतली, अँटी-स्टॅटिक पिशवी सीलबंद, डिस्क चकाचक. लावली आणि क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची माहिती दाखवणारं टूल उघडलं तर पॉवर ऑन अवर्स, म्हणजे चालू राहिल्याचे तास, 19 हजारांच्या वर! वर्षाचे तास 8,760 होतात, म्हणजे दोन वर्षांहून जास्त अखंड चाललेली डिस्क मला नवी म्हणून विकली होती. सेलर म्हणाला फॅक्टरी टेस्टिंग असेल. दोन वर्षांचं टेस्टिंग?

तर स्मार्ट नावाची माहिती डिस्क स्वतःच ठेवते, त्यात चालू राहिल्याचे तास, किती वेळा चालू-बंद झाली, आणि एसएसडी असेल तर आत्तापर्यंत किती डेटा लिहिलाय ते असतं. नव्या डिस्कवर तास शून्य किंवा हाताच्या बोटांवर मोजण्याइतके हवेत.

पण हेही पुसता येतं. 2025 च्या सुरुवातीला सीगेटच्या सर्व्हरसाठीच्या डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्याचं प्रकरण जर्मनीतल्या हाइझे या टेक बातम्यांच्या साइटने बाहेर काढलं, त्यात स्मार्टमधले तास शून्य करून ठेवलेले होते, मात्र सीगेट फार्म नावाची आणखी एक नोंद डिस्कमध्ये ठेवते, तिच्यात 15 हजारांपासून 50 हजारांपर्यंत तास निघाले. त्यातल्या बऱ्याच चिया नावाच्या क्रिप्टोच्या मायनिंगमधून आलेल्या असाव्यात असं तेव्हा समोर आलं. म्हणून डिस्क सीगेटची असेल तर स्मार्टमॉनटूल्स या टूलच्या नव्या व्हर्जनने फार्मचा लॉग काढा आणि दोन्हीकडचे तास लावून बघा. दोन आकड्यांत हजारोंचा फरक आला तर तो स्क्रीनशॉटच तुमचा पुरावा.

बाहेरून बघायचं तर कनेक्टरच्या सोनेरी पट्ट्यांवर ओरखडे आणि स्क्रूच्या भोकांभोवती गोल खुणा दिसतात का ते बघा, नवीन डिस्कला कुणी स्क्रू लावलेलाच नसतो.

दोन टीबीचा पेनड्राइव्ह फारच स्वस्तात मिळाला, कॉम्प्युटरला लावल्यावर दोन टीबी दाखवतोय. खराच आहे ना?

कॉम्प्युटर जे दाखवतो ते पेनड्राइव्हच्या कंट्रोलरने (आतली मेमरी सांभाळणाऱ्या चिपने) सांगितलेलं असतं, आणि कंट्रोलर खोटं बोलायला शिकवलेला असू शकतो. आत खरी मेमरी 32 किंवा 64 जीबीची असते, तेवढी भरेपर्यंत सगळं छान चालतं, त्यापुढचा डेटा एक तर हवेत जातो किंवा आधीच्याच फाइलींवर लिहिला जातो. फाइलींची नावं दिसत राहतात, उघडायला गेलं की काहीच नाही. म्हणून लोकांना महिन्याभराने कळतं, रिटर्नची मुदत गेल्यावर.

विंडोजवर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू आणि लिनक्स-मॅकवर एफ-थ्री ही फुकटची टूल्स आहेत, ती पूर्ण जागा भरतात आणि परत वाचून पडताळतात. वेळ लागतो, सेकंदाला 20 एमबीने लिहिणाऱ्या ड्राइव्हवर दोन टीबी नुसते लिहायलाच दिवसाहून जास्त जातो, पण बहुतेक बनावट ड्राइव्हचं पितळ त्याच्या खूप आधी उघडं पडतं. घाई असेल तर व्हॅलिड्राइव्ह नावाचं टूल ठिकठिकाणी थोडं लिहून पटकन अंदाज देतं. मेमरी कार्डालाही हेच सगळं लागू.

ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर?

जीपीयू-झेड आणि सीपीयू-झेड ही कार्ड आणि प्रोसेसर ओळखणारी टूल्स चालवा. जीपीयू-झेड बऱ्याच नकली कार्डांच्या नावापुढे चक्क फेक लिहून दाखवतं. प्रोसेसरच्या वरच्या धातूच्या झाकणावरचं नाव घासून नवीन छापलेलं असू शकतं, म्हणून झाकणावर न जाता सॉफ्टवेअर काय ओळखतंय ते धरा. आणि कार्डाच्या स्क्रूवर ओरखडे असतील तर उघडू नका, आत चिपच नाही अशीही कार्डं लोकांना मिळालीत, आणि तुम्ही उघडलंत की चिप तुम्हीच काढली असं म्हणायला सेलर मोकळा.

स्वस्तातला अँड्रॉइड टीव्ही बॉक्स घेतलाय, त्याने काय होणार, त्यावर माझं काहीच नाहीये.

तुमचं नसेल त्यावर, पण तो तुमच्या वायफायवर आहे ना. जानेवारी 2023 मध्ये टी-95 नावाचा बॉक्स घेतलेल्या कॅनडातल्या एका सिक्युरिटीवाल्याला दिसलं की बॉक्स परस्पर भलत्याच सर्व्हरशी बोलतोय, मालवेअर आधीच घालून आलेलं. पुढे ह्यूमन सिक्युरिटी नावाच्या कंपनीने या सगळ्या प्रकाराला बॅडबॉक्स नाव दिलं, आणि 2025 मध्ये त्याची दुसरी आवृत्ती दहा लाखांहून जास्त डिव्हाइसवर असल्याचं सांगितलं, जूनमध्ये एफबीआयनेही लोकांना सावध केलं. हे बॉक्स तुमच्या इंटरनेटचा रस्ता भाड्याने देतात, जाहिरातींवर खोटे क्लिक मारतात, आणि कुणी तिसरा तुमच्या आयपीवरून काहीबाही करतो.

तपासायला प्ले प्रोटेक्टचं (गूगलच्या ॲप तपासणीचं) सर्टिफिकेट बघा, आणि सेटअप करताना बॉक्सने प्ले प्रोटेक्ट बंद करा असं सांगितलं किंवा त्यात वेगळंच ॲप स्टोअर निघालं तर प्लग काढा. इथे रिसेट, अपडेट, अँटीव्हायरस यातलं काहीही मी सुचवणार नाही. परत होत नसेल तर ई-कचऱ्यात द्या. फुकटात सगळे चॅनल दाखवणारा बॉक्स हवा असेल तर माझ्याकडे दुसरा सल्ला नाही.

हार्डवेअर वॉलेटबरोबर 24 शब्दांचं कार्ड आलंय, तेच टाकायचे ना?

नाही! ते शब्द म्हणजे तुमच्या क्रिप्टोची किल्ली, ते वॉलेटने तुमच्यासमोर तयार करायचे असतात. खोक्यात आधीच लिहिलेले, छापलेले किंवा स्क्रॅच करायच्या कार्डावरचे शब्द आले असतील तर ते दुसऱ्या कुणाला तरी माहीत आहेत, तुम्ही पैसे टाकायची तो वाट बघतोय. वर सांगितलेल्या ट्रेझरच्या केसमध्ये तर शब्द वॉलेटच तयार करून दाखवत होतं, पण आधीच ठरवलेल्या 20 संचांपैकी एक. त्यामुळे असलं वॉलेट फक्त कंपनीकडून किंवा त्यांच्या यादीतल्या सेलरकडून घ्या, त्यांच्या ॲपमधून डिव्हाइस खरं असल्याची तपासणी करा, लेजरसारख्या कंपन्या तर सीलपेक्षा त्या तपासणीवरच भिस्त ठेवतात. या एका वस्तूबाबत थोडाही संशय राहिला तरी वापरायचं नाही.

राउटर आणि केबल?

राउटरला इंटरनेट द्यायच्या आधी कंपनीच्या साइटवरून, दुसऱ्या नेटवर्कवर, फर्मवेअर उतरवून घ्या आणि तेच टाका, मग रिसेट करा, ॲडमिन पासवर्ड बदला, डीएनएसच्या (वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्या सर्व्हरच्या) रकान्यात अनोळखी आकडे नाहीत ना आणि रिमोट मॅनेजमेंट (बाहेरून राउटर चालवायची सोय) बंद आहे ना ते बघा. कंपनीच्या साइटवर तुमच्या मॉडेलचं फर्मवेअरच सापडत नसेल तर तो राउटर घेण्यालायक नव्हताच.

केबलमध्ये चिप लपवता येते हे खरंय, ओएमजी केबल नावाने ती सिक्युरिटी टेस्टिंगसाठी उघड विकली जाते आणि दिसायला साध्या चार्जिंग केबलसारखीच दिसते. पण ती बनवायला खर्च येतो, ती कुणी उगाच अनोळखी गिऱ्हाइकाला पाठवत नाही. न मागवलेली केबल किंवा पेनड्राइव्ह घरी आला तर मात्र लावू नका.

फॅक्टरी रिसेट मारला की सगळं साफ होतं ना?

रिसेट तुमचा डेटा पुसतो, सिस्टिम जशी फोनवर आहे तशीच राहते, आणि मालवेअर सिस्टिममध्येच असेल तर रिसेट त्यालाच पुन्हा ताजं करून देतो. कंपनीच्या साइटवरून पूर्ण सिस्टिम नव्याने टाकणं ही वरची पायरी. त्याच्याही खाली फर्मवेअर असतं, लॅपटॉपच्या बायोसमधून विंडोज 8 पासून पुढच्या विंडोजमध्ये एखादा प्रोग्रॅम आपोआप घालायची सोय आहे, चोरी झालेले लॅपटॉप शोधायला आणि कंपन्यांच्या युटिलिटीला ती वापरतात, त्यामुळे कोरं विंडोज टाकूनही एखादं सॉफ्टवेअर परत उगवलं तर दचकू नका, आधी त्याचं नाव शोधा.

अँटीव्हायरसने क्लीन सांगितलंय.

चांगलंय. पण तो फाइली बघतो, चिप बदललीय का ते त्याला दिसत नाही.

पार्सलचं ट्रॅकिंग विचित्र दाखवतंय, भलत्याच शहरात जाऊन दोन दिवस थांबलं. माझ्यावर पाळत ठेवायला कुणी काही घातलं असेल का?

हा प्रश्न विचारणाऱ्यांना मी हसत नाही, कारण असं प्रत्यक्षात झालंय. 2014 मध्ये एडवर्ड स्नोडेनने फोडलेल्या कागदपत्रांतून बाहेर आलं की अमेरिकेची एनएसए ही गुप्तचर संस्था पाठवायला निघालेले राउटर वाटेत अडवून, उघडून, त्यात आपलं काहीतरी घालून पुन्हा पॅक करत होती, राउटर बनवणाऱ्या सिस्को कंपनीचा खोका उघडतानाचा फोटोही आला होता. नंतर सिस्कोने काही ग्राहकांचा माल भलत्याच पत्त्यांवर पाठवायला सुरुवात केली, म्हणजे कोणता खोका कुणाचा ते वाटेत कळू नये.

पण ट्रॅकिंग वाकडंतिकडं जाणं यात काहीच विशेष नाही, कुरिअरचा माल हबमधून फिरतो आणि हब तुमच्या सोयीने बांधलेले नसतात. तुम्ही पत्रकार, वकील, आंदोलनातले किंवा मोठ्या नेटवर्कचे ॲडमिन असाल तर गोष्ट वेगळी, मग घरी खोका उघडून स्क्रू मोजण्यापेक्षा ती वस्तू वापरूच नका आणि पुढची दुकानात स्वतः जाऊन, आधी न सांगता, समोरच्या ढिगातून उचला. नाव-पत्ता ज्या मालाला जोडलेला नाही तो तुमच्यासाठी अडवता येत नाही. आणि घरातल्याच कुणावर, जोडीदारावर वगैरे संशय असेल तर तो वेगळा आणि जास्त गंभीर विषय आहे, त्यासाठी दुसऱ्या फोनवरून मदत शोधा, या फोनवरून नाही.

अरे बापरे, मी तर सगळीकडे लॉगिन करून बसलोय.

वस्तू नेटवरून काढा. दुसऱ्या, भरवशाच्या डिव्हाइसवरून आधी ईमेलचा पासवर्ड बदला, कारण बाकी सगळ्याची किल्ली तिथेच आहे, मग बँक, मग बाकीचे. प्रत्येक ठिकाणी सगळ्या डिव्हाइसमधून लॉगआउट असा पर्याय असतो तो दाबा, नुसता पासवर्ड बदलून जुनी लॉगिन काही वेळा तशीच चालू राहतात. टू-फॅक्टर (पासवर्डबरोबर दुसरा कोड मागणारी सोय) लावा, आणि कार्डाचा नंबर त्यावर टाकला असेल तर बँकेला सांगून कार्ड बदलून घ्या. ज्या संशयित फोनवर ओटीपी येतात त्याच फोनवर बसून पासवर्ड बदलणारे लोक मी बघितलेत.

आतून उघडून बघू का?

परत करायची शक्यता आहे तोपर्यंत नको. वॉरंटीचं स्टिकर फाटलं की छेडछाड कुणी केली हा वाद तुमच्यावर उलटतो. बाहेरून जे दिसतं, स्क्रूच्या डोक्यावरचे ओरखडे, जोडावर फटी, पोर्टमधली धूळ, त्याचे क्लोजअप फोटो काढा. आणि खरं सांगायचं तर आतला बोर्ड बघून त्यावर काय जास्तीचं आहे हे ओळखणारे फार थोडे असतात, मी त्यात नाही.

सेलरला नेमकं काय लिहू?

"मला संशय आहे", "हॅक केलंय असं वाटतं" असलं लिहू नका, पलीकडे बसलेल्या माणसाकडे त्यासाठी बटण नसतं. त्याच्याकडे बटणं असतात वापरलेला माल, वर्णनाप्रमाणे नाही, नकली, पार्ट गहाळ. त्यातलं एक पकडा आणि आकडे द्या. असं काहीतरी: "नवीन म्हणून घेतलेल्या डिस्कवर चालू राहिल्याचे इतके तास दिसत आहेत, स्क्रीनशॉट सोबत, सीरियल नंबर हा, पूर्ण रिफंड हवा." चार ओळी पुरे. फोनवर बोलणं झालं तरी नंतर तेच चॅटवर किंवा ईमेलवर लिहून ठेवा.

रिप्लेसमेंट देऊ म्हणाले तर विचार करा. एकाच गोदामात वेगवेगळ्या सेलरचा माल एकत्र ठेवला जातो अशा ठिकाणी दुसरा पीसही त्याच ढिगातून येऊ शकतो. मी डिस्कच्या वेळी रिप्लेसमेंट घेतली, त्यावर 11 हजार तास निघाले. मग रिफंड.

सिद्ध करून दाखवा म्हणाले तर अडकू नका. आत स्पाय चिप आहे हे तुम्ही सिद्ध करायचं नाहीये, नवीन सांगून नवीन दिलं नाही एवढं दाखवायचंय.

सेलर उत्तरच देत नाही. कार्डाने पैसे दिलेत.

आधी मार्केटप्लेसकडे तक्रार, तिथे गाडी अडली तर बँकेकडे डिस्प्यूट, म्हणजे कार्डाने दिलेले पैसे परत मागायची तक्रार. व्हिसाच्या नियमांत वर्णनाप्रमाणे नाही किंवा सदोष माल याला 13.3 आणि नकली मालाला 13.4 असे वेगवेगळे कोड आहेत, म्हणून बँकेला फॉर्म भरून देताना दोन्हीची खिचडी करू नका. मुदत साधारण 120 दिवसांची असते पण तिच्या भरवशावर बसू नका, तुमची बँक आधीच मागू शकते. सेलरकडे माल परत करायचा प्रयत्न केला होता हे दाखवावं लागतं, म्हणून त्या चार ओळींचा ईमेल महत्त्वाचा.

परत पाठवायच्या आधी माझा डेटा?

अकाउंटमधून लॉगआउट, फाइंड माय किंवा तसलं लॉक बंद, मग रिसेट, आणि पुरावे त्याच्या आधी दुसरीकडे कॉपी केलेले हवेत. लॉक बंद करायचं विसरलात तर माल लॉक्ड म्हणून रिफंड अडतो. पॅक करतानाही व्हिडिओ काढा, सीरियल नंबर दाखवून, नाहीतर "तुम्ही दुसरीच वस्तू पाठवली" हे ऐकावं लागेल.

बॅटरी फुगलेली वाटतेय.

चार्जिंगला लावू नका, दाबू नका, परत पाठवायच्या खोक्यात टाकूही नका, खराब लिथियम बॅटरी विमानाने पाठवायला बंदी असते. जळणाऱ्या सामानापासून लांब ठेवा, फोटो पाठवून सेलरला विचारा ती कशी उचलणार.

खोका किती दिवस जपून ठेवायचा?

रिटर्नची मुदत संपेपर्यंत तरी नक्की, आणि डिस्प्यूट चालू असेल तर पैसे परत खात्यात येऊन महिना होईपर्यंत. माझ्या कपाटावर त्या डिस्कचा खोका अजून आहे, ते केवळ आळसामुळे.